दंड कशाचा? कर्माचा की फळाचा?



कर्म आणि फळ हे शब्द आपण इतक्या वेळा जोडीने उच्चारतो, की ते वेगळे करून बघायची सवयच राहत नाही. आज ते जरा वेगळे करून बघू. उदाहरण मात्र पोथीतलं नाही, फॉर्म्युला वनच्या शर्यतीतलं आहे.

१८ जुलै २०२१, सिल्व्हरस्टोन, इंग्लंड. पहिल्याच लॅपमध्ये कॉप्स नावाच्या वेगवान वळणावर लुईस हॅमिल्टनच्या गाडीचं चाक मॅक्स व्हर्स्टॅपनच्या गाडीला लागलं. व्हर्स्टॅपनची गाडी थेट कडेच्या कठड्यावर आदळली. धक्का ५१ जी इतका होता, त्याला तपासणीसाठी हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. पंचांनी, म्हणजे तिथल्या स्टुअर्ड्सनी, जास्त दोष हॅमिल्टनचा धरला आणि १० सेकंदांचा दंड दिला. हॅमिल्टनने तो भोगला आणि तरीही शर्यत जिंकली.

आता त्याआधीची ९ जून २०१९ची माँट्रिअलची शर्यत बघा. सेबॅस्टियन व्हेटेल पुढे होता. त्याची गाडी गवतावर गेली आणि परत ट्रॅकवर येताना हॅमिल्टनच्या वाटेत आली. टक्कर झाली नाही, कुणाला खरचटलंही नाही. दंड ५ सेकंदांचा. व्हेटेलने रेषा सगळ्यात आधी ओलांडली, पण दंड धरल्यावर विजय हॅमिल्टनचा झाला.

ही दोन उदाहरणं शेजारी ठेवली की मनात येतं, हा कुठला न्याय? एकाने दुसऱ्याला हॉस्पिटलात पाठवलं आणि जिंकला. दुसऱ्याने कुणाला धक्काही लावला नाही आणि हरला.

पण आपण इथे न्यायाकडून एका दमात तीन गोष्टी मागतोय. एक, सारख्या कृतीला सारखा दंड. दोन, सारख्या नुकसानाला सारखा दंड. तीन, सारख्या दंडाचा सारखा चटका. आम्ही प्रोग्रॅमर लोक अशा मागण्यांना अटी म्हणतो, आणि या तीन अटी एकत्र बसतच नाहीत. एकच चूक एकदा थोडक्यात निभावते आणि एकदा गाडीचा चुराडा करते. पहिली अट पाळली की दुसरी तुटते. आणि ५ सेकंद म्हणजे कुणासाठी काहीच नाही, कुणासाठी अख्खा विजय. चटका सारखा करायचा तर प्रत्येकाला वेगळा आकडा द्यावा लागेल, मग पहिली अट गेली.

पंचांनी यातली पहिली अट निवडलीय. दंड ठरवताना साधारणपणे कृती बघायची, परिणाम नाही. हे आपल्याला ओळखीचं वाटायला हवं. फळ माणसाच्या हातात नसतं, हे आपण गीतेमुळे सहज मान्य करतो. मग दुसऱ्याचा हिशेब करताना मात्र फळच का मोजतो?

घरात बघा. दोन मुलं धावपळ करतात, एकाच्या हातून साधा पेला फुटतो, दुसऱ्याच्या हातून आजीची बरणी. ओरडा बरणीच्या किमतीएवढा बसतो. ऑफिसात दोघं जण टेस्ट न करता कोड पुढे ढकलतात. एकाचा चालून जातो, दुसऱ्यामुळे रात्री सिस्टिम बंद पडते. बोलणी एकट्यालाच. तत्त्वज्ञ थॉमस नेगेल आणि बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ साली या कोड्याला ‘नैतिक नशीब’ असं नाव दिलं.

पण इथे एक अवघड प्रश्न उरतो. ज्याला लागलं त्याचं काय? हॉस्पिटलमध्ये असलेल्याला ‘आम्ही फक्त कृती बघतो’ हे सांगणं कोरडं नाही का? कोरडं आहेच. म्हणूनच मला वाटतं की दुखापतीचं देणं दंडातून फिटत नाही. ते वेगळं द्यावं लागतं: विचारपूस, माफी, जास्त सुरक्षित कठडे. दंड कृतीसाठी असतो, करुणा दुःखासाठी. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलो की दोन्ही बिघडतात.

याची उलटी बाजूही आहे. २०२४ साली माँझाला केविन मॅग्नुसेनची पिएर गॅस्लीशी टक्कर झाली. त्या दंडाने त्याचे १२ पेनल्टी पॉइंट भरले आणि पुढच्या बाकूच्या शर्यतीला त्याला बसावं लागलं. गॅस्ली स्वतः म्हणाला, यात विशेष काही नव्हतं. तरी बंदी राहिली. कठोर वाटतं, पण क्षमा करणं हा सोसणाऱ्याचा अधिकार आहे. पंचाने ती परस्पर वाटायची नसते.

याचा अर्थ पंच चुकत नाहीत असा नाही. मंडळातली माणसं शर्यतीगणिक बदलतात, आणि वळणावर कोण किती पुढे होतं हे शेवटी माणूसच ठरवतो. म्हणून २०२५ साली एफआयएने दंडाची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्यांसाठी खुली केली, हे मला मोलाचं वाटतं. फूटपट्टी आधीच सगळ्यांना दिसली, तर निकाल न पटला तरी तो तपासता येतो.

आज कुणावर रागवायची वेळ आली, तर क्षणभर थांबून स्वतःला एवढंच विचारू या: काहीच फुटलं नसतं, तरी मी इतकाच रागावलो असतो का?

उद्या भेटूच.