उसनी चौकट आणि कर्त्याचे नाव

लोकप्रिय गीतातील कॉर्डांचा क्रम कायम ठेवून त्यावर नवी धून रचण्याची प्रथा बीबॉपच्या जॅझवादकांनी १९४० च्या दशकात विशेष रूढ केली. कायद्याचे संरक्षण सहसा धुनेला असते, कॉर्डांच्या क्रमाला नसते. त्यामुळे मूळ गीताची रॉयल्टीही टळे. येथे निखळ मौलिकतेचा दावा मुळातच संभवत नाही. तरीही कर्तृत्वाचे वाद मिटत नाहीत. असे का व्हावे?

१९१७ च्या 'इंडियाना' या गीताच्या चौकटीवर रचलेली 'डॉना ली' मे १९४७ मध्ये ध्वनिमुद्रित झाली, ती चार्ली पार्कर यांच्या नावावर. त्याच ध्वनिमुद्रणात ट्रम्पेट वाजविणाऱ्या माइल्स डेव्हिस यांनी ही धून आपली असल्याचे १९८९ च्या आत्मचरित्रात सांगितले. याच डेव्हिस यांनी १९५४ मध्ये ध्वनिमुद्रित केलेली 'सोलर' त्यांच्या नावावर प्रसिद्ध झाली. तिचे आरंभीचे स्वर न्यूयॉर्कमधील त्यांच्या समाधिशिळेवर कोरलेले आहेत. पुढे २०१२ मध्ये गिटारवादक चक वेन यांचे १९४६ चे एक ध्वनिमुद्रण उजेडात आले. त्यातील 'सनी' ही धून जवळजवळ तीच आहे.

कर्ता ही व्यक्ती नसून संहितेच्या व्यवहारातील एक कार्य होय, हे फुको यांचे १९६९ मधील प्रतिपादन येथे अंशतः पटते. ध्वनिमुद्रिकेच्या लेबलला आणि रॉयल्टीच्या हिशेबाला एक नाव हवे असते. परंतु वेन यांच्यावरील अन्याय एवढ्याने निरर्थक ठरत नाही.

दोन प्रकारच्या घेण्यात भेद केला पाहिजे. 'डॉना ली' ऐकताना जाणत्या श्रोत्याला खालून 'इंडियाना' ऐकू येते. ऋण अलिखित असले तरी लपलेले नसते. मूळ संगीतकार जेम्स हॅन्ली यांच्या पदरी त्यातून काही पडत नाही, म्हणून हा व्यवहार निर्दोष म्हणता येणार नाही. पण तो असत्य नाही. दुसऱ्याची धून आपल्या नावावर राहते तेव्हा मात्र मूळ कर्त्याचे नाव अज्ञात राहणे हीच त्या व्यवहाराची अट असते.

तेव्हा कर्तृत्वाचा आधार मौलिकतेत नव्हे, उत्तरदायित्वात शोधावा लागेल. कर्ता म्हणजे शून्यातून निर्माण करणारा नव्हे. आपण कोणाकडून काय घेतले, हे विचारल्यावर सांगण्यास बांधलेला माणूस. 'डॉना ली'वरील हक्क सांगताना डेव्हिस यांनी नेमकी हीच अपेक्षा केली होती. 'सोलर'च्या बाबतीत ती त्यांच्याकडूनही करावी लागते.