दुखतंय म्हणण्याची मुभा

शांत बसा. हात मांडीवर सैल सोडा. श्वास येईल तसा येऊ द्या.

आता एका म्हाताऱ्या सैनिकाला मनात आणा. घरातले असतील, शेजारचे असतील, किंवा साताऱ्याजवळच्या अपशिंगेसारख्या, पिढ्यान्‌पिढ्या फौजेत माणसं धाडणाऱ्या गावातले. १९७१च्या लढाईत जे विशीत होते, ते आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहेत. आजार आता बरा होणारा नाही. ते खाटेवर आहेत, तुम्ही उशाशी.

तुम्ही विचारता, "आबा, दुखतंय का?"

"नाही. ठीक आहे."

या उत्तरापाशी जरा थांबा. घाईनं पुढं जाऊ नका. त्यांच्या कपाळाकडे पाहा, आवळलेल्या मुठीकडे पाहा. पलटणीत दुखणं गिळायची सवय लागते. एकानं धीर सोडला तर बाकीच्यांचाही सुटतो. त्या शिस्तीनं तेव्हा त्यांना तारलं. आज तीच त्यांना एकटं पाडते आहे.

एक श्वास घ्या.

सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणारं केंद्र, सुरू केलं. मरणाच्या वाटेवरच्या माणसाची वेदना केवळ शरीराची नसते, ती मनाची, नात्यांची आणि जगण्याच्या अर्थाचीही असते, असं त्या सांगत. एकेका वेदनेजवळ थोडं बसू या.

शरीर. मॉर्फीनचं नाव काढलं की घरचे घाबरतात. पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, योग्य मात्रेत दिलेलं मॉर्फीन मरण ओढून आणत नाही. वेदना कमी करतं. हे मनात नीट मुरू द्या.

मन. रात्री ते दचकून उठतील, कुणाला तरी हाका मारतील. कदाचित पन्नास वर्षांपूर्वीचा सोबती आठवत असेल, जो परतला नाही. त्यांना गदागदा हलवू नका. समोरून या, नाव सांगा, मग हात धरा. सकाळी हे डॉक्टरांना जरूर सांगा. या तगमगीवरही उपाय असतात.

नाती आणि अर्थ. जे बायकोला कधी सांगितलं नाही, ते नातीला सांगावंसं वाटेल. ऐका. "जाऊ द्या आबा, आता कशाला ते," असं म्हणू नका. त्यांना तुमच्याकडून निवाडा नको आहे, ऐकणारं माणूस हवं आहे.

आणखी एक श्वास.

सन्मानानं मरण्याचा हक्क २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं मान्य केला. पुढं बोलता आलं नाही तर कोणते उपचार नकोत, हे माणूस आधीच लिहून ठेवू शकतो. ज्यांनी उमेदीची वर्षं दुसऱ्यांचे हुकूम पाळण्यात घालवली, त्यांचे शेवटचे दिवस कसे जावेत हे त्यांना विचारूनच ठरलं पाहिजे.

म्हणून ते शुद्धीत आहेत तोवर विचारा. "दुखतंय का?" असं नको, "कुठं दुखतंय, किती दुखतंय, आणि आम्ही काय करावं असं तुम्हाला वाटतं?" असं विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ द्या.