सामाईक मिळकत

माझे थोरले मेहुणे अण्णा ह्यांनी भूमिअभिलेख खात्यात एकतीस वर्षे फेरफारांच्या नोंदी, वारसांचे तक्ते आणि हिस्सेवाटपाची भांडणे ह्यांच्या संगतीत काढलेली असल्यामुळे, कोणताही कागद पुढे आला की तो खरेदीखत आहे, गहाणखत आहे, बक्षीसपत्र आहे की नुसती कबुलायत, ह्याचा निवाडा झाल्याखेरीज त्यावर सही करायची नाही ही त्यांची खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही. आणि म्हणूनच, कंपवाताने उजवा हात थरथरू लागून चार वर्षे लोटल्यावर, मज्जाविकारांच्या संशोधनासाठी रक्ताचा नमुना व आजवरचे सारे वैद्यकीय कागद देण्याविषयीचे सात पानी संमतिपत्र जेव्हा रुग्णालयातून त्यांच्या हाती आले, तेव्हा ते त्यांनी पंधरा दिवस वाचले आणि सोळाव्या दिवशी मला बोलावून घेतले.

"हे बक्षीसपत्र आहे, एवढे मला समजले," ते म्हणाले. "मोबदला नाही, तक्रार नाही. पण बक्षीस देणाऱ्याची मिळकतीवर मालकी असावी लागते. ही मिळकत माझ्या एकट्याच्या नावावर आहे, हे ह्या लोकांनी कोणत्या उताऱ्यावरून ठरवले?"

"तुमच्या हातातून निघणारे रक्त तुमचे नाही, तर कोणाचे?" मी विचारले.

"रक्त माझे; त्यातला मजकूर सामाईक. वडिलांची मान सारखी हालत असे, थोरल्या काकांना शेवटी शेवटी घास तोंडाशी नेता येत नसे. त्या काळी त्याला म्हातारपण म्हणत. उद्या ह्यांनी माझे रक्त वाचून हे घराण्यातूनच आले आहे असे ठरवले, तर तो निकाल माझ्यापुरता राहील का? नाशिकची लेक आहे, तिची दोन मुले आहेत, धाकटा भाऊ आहे. ह्या सात पानांत सहहिस्सेदारांच्या सह्यांना जागा कुठे ठेवली आहे?"

कंपवात बहुतांश रुग्णांत आनुवंशिक नसतो, हे मी त्यांना सांगितले. आणि इटलीच्या दक्षिणेकडील कोंतुर्सी गावातून निघालेल्या एका घराण्याच्या रक्तात १९९७ साली जो बिघाड सापडला, त्यामुळे अल्फा-सायन्यूक्लीन नावाच्या प्रथिनाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले जाऊन, तेच प्रथिन तो बिघाड नसलेल्या सर्वसामान्य रुग्णांच्या मेंदूतही साचलेले असते हे त्याच वर्षी कळले, हेही सांगितले. थोडक्यात, एका घराण्याच्या दानातून परक्या लाखोंच्या विकाराचा धागा हाती लागला.

"म्हणजे धर्मकार्य," अण्णा म्हणाले. "ते मला मान्य आहे. कर्त्याला सामाईक मिळकत कुटुंबावरची आपत्ती, कुटुंबाची निकड आणि धर्मकार्य ह्यांसाठी देता येते. पण धर्मकार्यासाठीसुद्धा स्थावरातला थोडासाच अंश. सगळा वाडा देवाला वाहता येत नाही. इथे अंश कसा काढणार? दोन चमचे रक्त दिले तरी त्यात वाडा आला, परसू आले, विहीर आली."

ह्या युक्तिवादाने मी काही काळ निरुत्तर झालो हे प्रांजळपणे लिहितो. मग म्हणालो, "जमीन दिली की ती हातची जाते. रक्त दिल्याने तुमच्या लेकीच्या रक्तातला एक थेंबही उणा होत नाही."

"जमीन दिली तर उरलेल्या जमिनीविषयी ती काही बोलत नाही. हे बोलते."

"पण नाव कोठेच राहत नाही, अण्णा. नुसता क्रमांक असतो."

त्यांनी उत्तरादाखल फळीवरच्या कुलवृत्तान्ताकडे बोट दाखवले. आपल्याकडच्या कित्येक घराण्यांना मूळपुरुषापासूनची वंशावळ कापडी बांधणीत छापून घेण्याचा जो सोस आहे, त्याला मी आजवर निरुपद्रवी हौस समजत आलो होतो. परंतु २०१३ साली काही संशोधकांनी बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या गुणसूत्राची सांगड वंशावळींच्या खुल्या संग्रहांशी घालून निनावी नमुन्यांमागची आडनावे हुडकली आणि त्यावरून सुमारे पन्नास माणसे ओळखून काढली, ही गोष्ट मला ठाऊक होती, व ती ह्या क्षणी सांगणे माझ्या पक्षाला घातक असूनही मी सांगितली.

अण्णा समाधानाने हसले. दफ्तर कोणत्याही कुलपाहून अधिक बोलके असते, हे त्यांना नवे नव्हते.

तेव्हा मी त्यांना माराकाइबोची हकीकत सांगितली. व्हेनेझुएलातील ह्या सरोवराच्या काठी कोळ्यांच्या वस्त्यांतून हंटिंग्टनचा विकार जगात अन्यत्र नाही इतक्या दाटीने आढळतो, हे आमेरिको नेग्रेते ह्या तिथल्याच डॉक्टरांनी १९५५ साली नोंदवले होते. अंगाला हिसके बसतात, तोल जातो, पुढे बुद्धीही ढासळते. आणि आई किंवा बाप बाधित असल्यास प्रत्येक अपत्याला तो येण्याचा संभव निम्मा. १९७९ पासून नॅन्सी वेक्सलर ही अमेरिकन विदुषी वर्षानुवर्षे तिथे जात राहिली. तिची स्वतःची आई आदल्याच वर्षी ह्या विकाराने गेली होती. परक्यांना रक्त द्यायला लोक कचरत होते, तेव्हा एका परिचारिकेने वेक्सलरचा हात उचलून, संशोधनासाठी तिने स्वतः दिलेल्या कातडीचा व्रण सर्वांना दाखवला. हीही आपल्यातलीच, हे लोकांना पटले. चार हजारांहून अधिक नमुने मिळाले, अठरा हजारांवर माणसांची वंशावळ तयार झाली, १९८३ साली चौथ्या गुणसूत्रावर विकाराची खूण सापडली आणि १९९३ साली प्रत्यक्ष जनुक.

"आणि ते सापडले कशामुळे?" मी म्हणालो. "एकट्या माणसाच्या रक्तावरून ती खूण दिसलीच नसती. आजारी भाऊ आणि निरोगी भाऊ, मावशी आणि भाचा, असे अख्खे गोत शेजारी शेजारी मांडले, तेव्हा आजाराबरोबर कोणता तुकडा पिढ्यानुपिढ्या चालत येतो हे दिसले. तुम्ही ज्याला हरकत म्हणता, तो सामाईकपणा हेच तिथले साधन होते."

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. हात मांडीवर थरथरत होता. त्याच्याकडे ते जप्तीत आलेल्या मालाकडे पाहावे तसे पाहत होते.

"मग त्या बाईने स्वतःची तपासणी करून घेतली?"

"नाही. चाचणी तिच्याच श्रमांमुळे शक्य झाली, पण स्वतःपुरता तो निकाल जाणून घेणे तिने टाळले. आपल्यालाही तो विकार आहे हे तिने २०२० साली जाहीर केले, तोवर लक्षणांनीच ते सांगितले होते."

"बघ. तिने ठेवला तो न जाणण्याचा हक्क माझ्या लेकीलाही आहे. आणि त्या कोळ्यांच्या पदरात काय पडले?"

हा प्रश्न येणार हे मला कळत होते. हंटिंग्टनचे हिसके कमी करणाऱ्या एका औषधाला अमेरिकेत २००८ साली परवानगी मिळाली. सरोवराकाठच्या बहुतेकांच्या आवाक्यात ते आलेले नाही. रुग्णांसाठी तिथे १९९९ साली एक शुश्रूषागृह उघडले होते. पैशाअभावी तेही पुढे बंद पडले. मी हे सांगितले आणि गप्प राहिलो, कारण जनुक सापडल्याचा आनंद आणि ही वस्तुस्थिती एका वाक्यात बसवण्याइतके कौशल्य माझ्यापाशी नाही.

"इनाम दिले आणि हिशेब मिळाला नाही," अण्णा म्हणाले.

संमतिपत्राच्या सहाव्या पानावर ‘भविष्यातील अन्य संशोधनासाठी’ असे एक कलम होते. ग्रँड कॅन्यनमधील हवासुपाई लोकांनी १९९० नंतर मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून दिलेले रक्त छिन्नमनस्कतेच्या आणि पूर्वजांच्या स्थलांतराच्या अभ्यासालाही वापरले गेले, त्यावरून दावे झाले, आणि २०१० च्या तडजोडीत अभ्यास करणाऱ्या विद्यापीठाला सात लाख डॉलर व उरलेले नमुने परत द्यावे लागले, एवढे मी सांगताच त्यांनी ते कलम दोन आडव्या रेघांनी खोडले. "कोऱ्या स्टॅम्पपेपरवर मी कधी कोणाला सही करू दिली नाही."

माझे मत मी त्यांना दिले, ते इथेही देतो: रक्त द्यावे. घराण्याचे गुपित जपण्याच्या हक्कापेक्षा पुढच्या पिढीचा हात न थरथरण्याची शक्यता मला मोठी वाटते. मात्र संमतिपत्र लिहिणाऱ्यांनी माणसाला त्याच्या गोतापासून तोडून एकटा मालक ठरवले आहे, हा अण्णांचा आक्षेप मला खोडता आला नाही.

"मग वारसांना नोटीस काढू," ते म्हणाले, आणि लिहायला बसले. एके काळी ज्यांच्या अक्षराचा कित्ता नवशिक्या कारकुनांना देत, त्यांची ओळ आता पुढे सरकेल तशी बारीक होत जाते, आणि शेवटचे शब्द मुंग्यांएवढे उरतात. दोन पत्रे लिहायला दीड तास लागला. हरकत असल्यास कळवावी. निकाल जाणून घ्यायचा नसल्यास तसेही कळवावे, तो घरात उच्चारला जाणार नाही.

धाकट्या भावाचे उत्तर आठ दिवसांत आले: हरकत नाही, आणि माझेही रक्त घ्यावे. लेकीचे उत्तर अद्याप आलेले नाही. संमतिपत्र कुलवृत्तान्तात घालून ठेवले आहे; सहीची जागा कोरी आहे.