आधी शाळा की विद्यापीठ?

जोयडा तालुक्यात कुंभारवाड्याकडच्या एका ओसरीवर मामा-भाचीचं बोलणं चाललं होतं. मामा निवृत्त प्राथमिक शिक्षक, भाची पदवी महाविद्यालयात अतिथी व्याख्याता. निमित्त फेब्रुवारी २०२५ मधलं : कर्नाटकातली नऊ नवी विद्यापीठं बंद करावीत, अशी मंत्रिमंडळाच्या उपसमितीची शिफारस.

मामा : मला तर पटलं. इथे एका मास्तरावर चार इयत्ता, आणि हावेरी, कोप्पळ, हासनला विद्यापीठं! जोतीराव फुल्यांनी १८८२ साली शिक्षणाच्या हंटर आयोगापुढे हेच मांडलं होतं. पैसा रयतेच्या घामाचा, खर्च वरच्यांच्या शिक्षणावर.

भाची : पण मामा, त्यांचं भांडण वाटणीचं होतं. इथे वाचलेला पैसा तुमच्या शाळेत येईल, असं कुणी म्हटलंय?

मामा : नाही म्हटलं. पण त्या नवांत आपल्या जिल्ह्याचं एकही नाही. तुला एवढं का लागलं?

भाची : हावेरीची कॉलेजं परत धारवाडच्या विद्यापीठाच्या गळ्यात पडतील. आपल्या पोरींनाही धारवाडच गाठावं लागतं. आणि नव्या विद्यापीठांना प्रत्येकी दोन कोटी द्यायचे, जागा नाही, कायमचे प्राध्यापक नाहीत, मग म्हणायचं चालत नाही! इथे सुप्याला काळी नदीवर १०१ मीटर उंच धरण बांधलं, अख्खं गाव पाण्याखाली गेलं, तेव्हा त्याला गुंतवणूक म्हणाले. शिक्षणाला मात्र खर्च म्हणतात.

मामा : धरणानं वीज दिली. विद्यापीठानं काय दिलं? कुणब्यांच्या परसातली मुडली बघ. हात-दीड हात लांब कंद, मोडू न देता उकरायचा. कुठला ठेवायचा, कुठला लावायचा, हे आमच्या बायका जाणतात. विद्यापीठातून कुणी वही घेऊन येतो, विचारून जातो, परत तोंड दाखवत नाही.

भाची : हे मात्र खरं, आणि मला ते बोचतं. पण एक वाण पारखायला किती पावसाळे लागतात? माझी नेमणूक सत्रापुरती. सुट्टी लागली की पगार बंद. मी कोणत्या जोरावर थांबू?

मामा : बरं, एकाच माणसाचा पगार आहे. माझ्या शाळेत देशील की तुझ्या कॉलेजात?

भाची : तुमच्या शाळेत. पण तिथली पोर बारा वर्षांनी माझ्या वर्गात येईल. तिची सोय आत्ताच लावायला हवी.

मामा : तेवढा पैसा नसेल तर?

भाची : काळीच्या विजेचा पैसा कुठेतरी जमा होतोच ना, मामा?