वाचकाचें लक्ष आणि वाचकाचें ऋण

"सर, दुकानांतली वस्तु उचलून पैसे न देतां निघून जाणाऱ्यास आपण काय म्हणाल ?"

गेल्या कार्तिकांत कौंडण्यपुरास यात्रेला गेलों असतां माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मला हा प्रश्न केला. प्रश्न दिसावयास साधा होता. पण त्याचा रोख माझ्यावरच आहे हें मला तत्काळ उमगलें. हा गृहस्थ अमरावतीस राहून एक लहानसें मराठी वृत्तस्थळ चालवितो. कापसाचे व तुरीचे भाव, धरणांतील पाणी, परीक्षांचे निकाल, तालुक्यांतील भानगडी, असा मजकूर तो स्वतः हिंडून मिळवितो आणि मोबाइलवर कोणासही फुकट वाचूं देतो. त्याचा निर्वाह मजकुराशेजारीं दिसणाऱ्या जाहिरातींवर चालतो. आणि मीं तर थोड्याच वेळापूर्वीं मोठ्या कौतुकानें त्याला सांगितलें होतें कीं, तुझें पान मी रोज वाचतों, व 'ॲड-ब्लॉकर' बसविल्यापासून तें किती स्वच्छ दिसतें !

हा ॲड-ब्लॉकर म्हणजे पानाबरोबर येणाऱ्या जाहिरातींना दारांतच अडवून धरणारी एक लहानशी योजना. २००२ सालीं हेन्रिक आस्टेड सोरेनसेन या डॅनिश विद्यार्थ्यानें 'ॲडब्लॉक' नांवाची योजना रचली, आणि २००६ सालीं व्लादिमीर पालांत यानें ती नव्यानें लिहून 'ॲडब्लॉक प्लस' या नांवानें प्रसिद्ध केली. आज जगांत कोट्यवधि लोक अशा योजना वापरतात. त्या सर्वांना चोर म्हणावयाचें काय ? मंदिरापासून नदीच्या घाटापर्यंत आम्ही दोघे याच प्रश्नावर बोलत गेलों.

विद्यार्थ्याची बाजू हलकी नाहीं. लिहिणाऱ्याची मीठभाकरी कोणी तरी पुरविलीच पाहिजे. मराठी नियतकालिकांच्या इतिहासांत तर एक मौजेची गोष्ट आहे. 'किर्लोस्कर खबर' हें पत्र १९२० सालीं निघालें, तें मुळीं कारखान्याची वार्ता व कारखान्याचा माल लोकांच्या परिचयाचा व्हावा म्हणून. आणि त्याच रोपट्याचें पुढें 'किर्लोस्कर' हें नांवाजलेलें मासिक झालें. जाहिरातीच्या पोटीं वाङ्मय जन्मास येऊं शकतें, याला याहून चांगला दाखला कोणता ? उलट टोकाचा दाखला पाहिजे असेल, तर ज्या वर्धा नदीच्या कांठीं आम्ही उभे होतों तिच्या पलीकडच्या जिल्ह्यांत जावें. तेथें सेवाग्रामास १९३६ पासून राहिलेल्या गांधीजींनीं त्याच्या कित्येक वर्षें आधीं, 'नवजीवन' व 'यंग इंडिया' हीं पत्रें हातीं घेतांनाच, जाहिराती न घेण्याचा निश्चय केला होता, असें त्यांनीं आत्मकथेंत लिहून ठेविलें आहे. व्रत थोर खरें. पण तें पाळावयाचें तर पत्राचा सारा भार वर्गणीदारांच्या खांद्यावर येतो. ज्या शेतकऱ्याला वर्गणी परवडत नाहीं, त्यालाही आज घरबसल्या कापसाचा भाव कळतो, तो जाहिरातीच्याच कृपेनें. हें उपकार मान्य केल्यावांचून या प्रश्नाचा निवाडा करणें न्यायाचें होणार नाहीं.

तरीही मला 'चोर' हा शब्द पटेना. देवळाच्या वाटेवर दोहों बाजूंस दुकानें लागलीं होतीं. कुंकू, बांगड्या, पेढे, मुलांचीं खेळणीं, सर्व कांहीं मांडलेलें. दुकानदार हांका मारीत होते. मीं एकाकडे पाहिलें, दहांकडे पाहिलें नाहीं. पण त्या दहांपैकीं कोणीं माझ्यावर चोरीचा आळ घेतला नाहीं. वर्तमानपत्रांतील जाहिरातीचेंही असेंच आहे. ती आपल्या चौकटींत बसून बोलावते. मीं पान उलटलें तर संपादक माझा हात धरीत नाहीं. न पाहण्याचा हक्क कोणीं मला बहाल केलेला नाहीं; तो माझ्या डोळ्यांबरोबरच जन्मास आला आहे.

इंटरनेटवरील जाहिरातही आरंभीं अशीच मर्यादशील होती. २७ ऑक्टोबर १९९४ रोजीं 'हॉटवायर्ड' या अमेरिकन स्थळावर पट्टीच्या आकाराच्या जाहिराती झळकल्या, तेव्हां त्या आपल्या जागीं बसून होत्या. पुढें ही मर्यादा सुटली. आपण होऊन उघडणाऱ्या खिडकीची युक्ति ज्यानें काढली, त्या ईथन झुकरमन यानें २०१४ सालीं एका लेखांत तिच्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. पण तोंपर्यंत युक्ति घरोघर पोंचली होती. आजची जाहिरात मजकूर झांकते, बोट सरकवावें तशी पाठोपाठ सरकते, आणि तिला घालवून देण्याची फुली मोहरीएवढी लहान व भलत्याच कोपऱ्यांत ठेवलेली असते. तिला आणण्यासाठीं खर्च होणारा डेटाही माझ्याच पैशाचा !

याहून गंभीर गोष्ट निराळी आहे. कागदावरची जाहिरात मला दिसते; ही जाहिरात मला पाहते. काल मीं काय शोधलें, कोठें थांबलों, कोणत्या दुखण्याविषयीं वाचलें, याचीं टिपणें ठेविलीं जातात, आणि पान उघडण्याच्या निमिषांत माझ्या लक्षाचा लिलाव होऊन जातो. रुक्मिणीनें श्रीकृष्णास गुप्त पत्र धाडिलें तें ज्या गांवाहून, असें परंपरा सांगते, त्या गांवीं तरी हें समजावून सांगावें लागूं नये कीं, मनांतली गोष्ट कोणाच्या हातीं द्यावयाची हें ज्याचें मन त्यानेंच ठरवावयाचें असतें.

"पण सर, आपण पानावर आलांत, म्हणजे अट मान्यच केलीत ना ?" विद्यार्थी म्हणाला. येथेंच खरी मेख आहे. दुकानदार किंमत आधीं सांगतो. ती पटली तर मी वस्तु घेतों, न पटली तर परत ठेवितों. येथें किंमत आधीं सांगितली जात नाहीं. व सांगितलीच तर चाळीस पानांच्या अटींत पुरलेली असते. जी किंमत मला कळली नाहीं, जी नाकारण्याची सोय नाहीं, ती बुडविली म्हणून मी चोर ठरत नाहीं. 'ॲक्सेल श्प्रिंगर' या प्रकाशनसंस्थेच्या दाव्यांत जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानें १९ एप्रिल २०१८ रोजीं निर्णय दिला कीं, ॲड-ब्लॉकर पुरविणें ही अनुचित स्पर्धा नव्हे. कायद्याचा निवाडा हा नीतीचा निवाडा नसतो, हें मी जाणतों. पण 'चोर' हा शब्द किती जपून वापरावा, एवढें तरी त्यावरून दिसतें.

मीं त्याला माझ्या घरची एक गोष्ट सांगितली. माझी थोरली बहीण सत्तरीच्या पुढची. ती मोबाइलवर अभंग वाचीत असतां मध्येंच एक पट्टी आली व तिच्यावर 'पुढें वाचा' अशीं अक्षरें होतीं. तिनें भोळेपणानें बोट ठेविलें. ती पट्टी गुडघेदुखीच्या कसल्याशा तेलाची होती. थोड्या वेळानें फोन आला. गोड बोलणाऱ्या माणसास तिनें नांव व पत्ता सांगितला. आठ दिवसांनीं पार्सल दारांत, आणि पार्सलवाल्यास द्यावयाचे दोन हजारांवर रुपये. "दारीं आलेल्यास विन्मुख कसें पाठवावें ?" म्हणून तिनें ते दिले, आणि महिनाभर आम्हांपासून लपविले. तिचे पैसे गेले याचें मला विशेष दुःख नाहीं. अभंग वाचतांना ती आतां भीत भीत बोट ठेवते, याचें आहे. त्या दिवशीं मीं तिच्या मोबाइलवर जाहिराती अडविणारा ब्राउझर बसविला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं ग्राहकास फसविणाऱ्या १३ युक्त्यांना बंदी केली. वेष पालटून येणारी जाहिरात त्यांतीलच एक. अमेरिकेच्या एफ. बी. आय. नें तर डिसेंबर २०२२ मध्यें नागरिकांना ॲड-ब्लॉकर वापरण्याचीच सूचना केली. घराला कडी लावणें हा अपराध असेल, तरच हा अपराध होय.

विद्यार्थी कांहीं वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "कडी मान्य, सर. पण मीं काय करावें ?"

या प्रश्नानें माझा विजय तेथेंच संपला. कडी लावण्याचा हक्क सिद्ध झाला, तरी जेवणाचें ऋण फिटत नाहीं. यात्रेंतल्या पंगतींत कोणालाही पैसे मागत नाहींत. पण जो रोज जेवतो, आणि कधीं पत्रावळ उचलीत नाहीं, वाढावयास उभा राहत नाहीं, कीं मूठभर तांदूळ आणून देत नाहीं, त्याला चोर म्हणत नसले तरी चांगलाही कोणी म्हणत नाहीं. मी चार वर्षें त्या पंगतींत जेवत होतों. शिवाय ज्या पहारेकऱ्यावर मी विसंबलों, तोही साधु नव्हे. 'ॲडब्लॉक प्लस' च्या मंडळींनीं २०११ पासून 'स्वीकार्य' जाहिरातींना वाट करून दिली आहे, आणि मोठ्या कंपन्यांकडून त्याबद्दल मोबदला घेतला जातो. म्हणजे धनवान जाहिरातदार दारावर दाम मोजून आंत येणार, आणि बाहेर अडणार तो माझ्या विद्यार्थ्यासारखा लहान माणूस !

"तूं असल्या जाहिराती घेतोसच कां ?" मीं विचारलें.

"मी कोठें घेतों, सर ? पानांतली जागा मी एका मोठ्या कंपनीच्या हवालीं केली आहे. कोणास काय दिसेल, हें मलाही ठाऊक नसतें."

म्हणजे ज्या दारावरून आमचा वाद चालला होता, त्या दाराचा मालक तोही नव्हता. मग आम्ही हिशेब मांडूं लागलों. अमरावतीचे चार बियाणेवाले, दोन पुस्तकविक्रेते, एखादी शिकवणी, यांच्याकडून सरळ जाहिराती घ्याव्या. त्या चौकटींत, न हलणाऱ्या, कोणावर पाळत न ठेवणाऱ्या असाव्या. ज्या वाचकांना झेपेल त्यांना वर्गणी मागावी. आणि ज्यांना झेपणार नाहीं त्यांना मजकूर खुला ठेवावा. यांत त्याचें पोट भरेल काय ? तो म्हणाला, "निम्मेंही भरणार नाहीं." मला खोटा धीर देतां आला नाहीं.

जी जाहिरात चौकटींत बसते, तिला अडविण्याचें मला कारण नाहीं, मग तिच्याकडे मी पाहो वा न पाहो. जी घरांत शिरते व पाळत ठेवते, तिला अडविणें हा माझा हक्क आहे. परंतु अडविल्यानंतर लेखकाचें जें देणें उरतें, तें कोणीं मागितलें नाहीं म्हणून बुडत नाहीं. हक्क बजावण्यास एक बोट पुरतें; ऋण फेडण्यास खिशांत हात घालावा लागतो, आणि तेथें आम्हां सुशिक्षितांचा हात फार सावकाश चालतो.

घाटावरच मीं त्याच्यापुढें वर्षाची वर्गणी धरली. तो घेईना. "गुरुजींकडून कसें घ्यावें ?" मीं म्हटलें, "चार वर्षें जेवलों आहें." तेव्हां त्यानें ती घेतली. ॲड-ब्लॉकर मीं काढलेला नाहीं. आणि ज्या इतर पानांचा मजकूर मी रोज सकाळीं चहाबरोबर फुकट वाचतों, त्यांपैकीं एकालाही मीं अद्याप कांहीं पाठविलेलें नाहीं.