मागच्या शिवणीतली माया

तयार सुटाची पँट घेताना आपण ती पुढून पाहतो. रंग, इस्त्रीची घडी आणि आरशात दिसणारी उंची यांवर निर्णय होतो. माझे म्हणणे असे की ती आधी उलटी करावी आणि मागची शिवण पाहावी. कमरेच्या मधोमध, जिथे डावा आणि उजवा भाग जुळतो, तिथे आत दाबलेल्या कापडाच्या दोन पट्ट्या असतात. कमरेशी त्या रुंद असतात, चांगल्या पँटीत इंच-दीड इंच, आणि आसनाकडे उतरताना निमुळत्या होत जातात. ही शिवणीची माया. शिवण टिकायला एवढे कापड लागत नाही, अर्धा इंचही पुरतो. जास्तीचे कापड कापणाऱ्याने अशा एका माणसासाठी राखलेले असते, ज्याला त्याने पाहिलेले नाही आणि तो पाहणारही नाही. तयार कपड्याच्या सगळ्या कारागिरीत मला ही गोष्ट सर्वांत सभ्य वाटते.

धोतराला माप नसते, नऊवारी लुगड्यालाही नसते. तेच कापड बारीक अंगालाही बसते आणि स्थूल अंगालाही, कारण अंगाशी जुळवण्याचे काम नेसणारा रोज सकाळी स्वतःच्या बोटांनी करतो. एखादी निरी कमी, एखादी जास्त. शिवलेल्या वस्त्राने हे रोजचे काम सुईदोऱ्याकडे सोपवले. शिंप्याने एकदा माप घेतले की त्या दिवशीचे शरीर कापडात पक्के झाले. तयार कपडा त्याच्याही पुढे गेला, शरीर समोर नसतानाच त्याचे माप ठरवू लागला. असे ठरवण्याचा अधिकार कुठून आला, याचा मागोवा घेण्यासारखा आहे.

फ्रान्समध्ये गार्सो नावाच्या लेखकाने १७६९ साली शिंपीकामावर ग्रंथ लिहिला. त्या काळच्या शिंप्याकडे इंचांची टेप नव्हती, कागदाची लांब पट्टी होती. ती गिऱ्हाइकाच्या छातीला, कमरेला, मांडीला लावायची आणि त्या त्या ठिकाणी कात्रीने खाच पाडायची. प्रत्येक गिऱ्हाइकाची पट्टी वेगळी. त्या खाचांना आकडा नव्हता आणि एकाची पट्टी दुसऱ्याच्या कामाची नव्हती. एकोणिसाव्या शतकात आकडे छापलेली टेप रुळली आणि माणसांची शरीरे एकमेकांशी तोलता येऊ लागली. तुलनेच्या पाठोपाठ सरासरी येतेच.

बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ अडॉल्फ केतले याने १८३५ मध्ये ‘सरासरी माणूस’ ही कल्पना मांडली. पुढे १८४६ मध्ये त्याने ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापे तिच्या पाठबळासाठी वापरली. ती मापे १८१७ मध्ये एडिंबरोच्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापली गेली होती आणि लष्कराच्या एका कंत्राटदाराकडून आलेली होती. चाळीस इंचांच्या आसपास आकड्यांची दाटी होती, दोन्हीकडे ती विरळ होत गेली होती. त्यावरून केतलेला वाटले की निसर्गाच्या मनात एकच नमुना आहे आणि आपण सगळे त्याच्या कमी-अधिक चुकलेल्या प्रती आहोत. रांगेने टांगलेल्या आजच्या सुटांमागे हीच श्रद्धा उभी आहे.

तिची कसोटी लागली ती पुन्हा कपड्यांच्याच मापांवर. अमेरिकी हवाई दलातल्या गिल्बर्ट डॅनियल्सने ४,०६३ जणांच्या मोजमापांतून कपडे बेतायला उपयोगी पडतील अशी दहा मापे निवडली. १९५२ मध्ये त्याने दाखवले की उंचीने सरासरीच्या जवळपास असलेले १,०५५ जण होते. त्यांत छातीही सरासरीची असलेले ३०२. बाहीची लांबी पाहिली तेव्हा १४३ उरले. जांघेची उंची, धडाचा उभा घेर, नितंब, गळा असे करत कमरेपर्यंत येताना तिघे राहिले आणि मांडीनंतर दोघे. दहावे माप आसनाच्या लांबीचे होते, म्हणजे पुढच्या कमरेपासून दोन पायांमधून मागच्या कमरेपर्यंतचे. तिथे शून्य. सरासरी माणूस शेवटी आसनावर अडला, हे वाचून कोणत्याही अनुभवी मास्टरला आश्चर्य वाटणार नाही. पँट नेमकी तिथेच अडते.

तयार सूट जोडीने विकला जातो तेव्हा कोटाची छाती आणि पँटीची कंबर यांत साधारण सहा इंचांचा फरक धरलेला असतो. ४० चा कोट, ३४ ची पँट. हा फरक व्यायाम करणाऱ्या तरुणाला कमी पडतो आणि पन्नाशीच्या गृहस्थाला जास्त होतो. कोट खांद्यावर नीट बसला की तोच घ्यावा, पँटीचे पाहता येते, कारण खांदा बदलणे फार अवघड आणि कंबर बदलणे सोपे. ते सोपे का, यात रचनेचे मोठे शहाणपण आहे. सुटाच्या पँटीचा कमरेचा पट्टा दोन तुकड्यांत असतो. आधी प्रत्येक अर्ध्या भागाला आपापला पट्टा लागतो आणि मग आसनापासून पट्ट्याच्या टोकापर्यंत मागची शिवण एका दमात मारली जाते. म्हणून मागचा लूप काढला, अस्तराचे टाके सोडले, ती एक शिवण उसवली की सगळा घेर हाती येतो. जीन्सचा पट्टा सहसा अखंड असतो, तिथे हेच काम म्हणजे तोडफोड. ज्यांनी सुटाच्या पँटीची ही रीत बसवली, त्यांनी दुरुस्ती होणार हे गृहीत धरूनच शिवण्याचा क्रम ठरवला होता.

या सोयीलाही हद्द आहे. दीड-दोन इंचांहून जास्त कंबर आत घेतली तर मागचे खिसे एकमेकांना भिडायला लागतात आणि बाजूची शिवण मागे ओढली जाते. सैल करायची तर आत जेवढे कापड तेवढेच. आसनाची खोली तर वाढवताच येत नाही म्हटले तरी चालेल. मांडीच्या आतल्या शिवणीत माया असेल तर थोडी सोडवणूक होते, एवढेच. दुकानातच सुरकुत्या वाचायला शिकावे, त्या बहुधा दुखऱ्या जागेकडे बोट दाखवतात. नितंबांवर आडव्या ताणल्या असतील तर तिथे कापड कमी आहे, बाजूच्या खिशांची तोंडेही मग उघडी राहतात. नितंबांखाली झोळ पडत असेल तर मागे कापड जास्त आहे. पुढे जांघेतून तिरप्या रेषा फुटत असतील तर आसन कमी पडते आहे आणि ती पँट, भाव कितीही चांगला असो, ठेवून द्यावी.

पाय निमुळते करताना मात्र घाई नडते. इस्त्रीची घडी कापडाच्या ताण्याच्या दोऱ्यावरून जाते. आतल्या आणि बाहेरच्या शिवणीतून सारखे कापड घेतले तर ती मध्यावर राहते, एकाच बाजूने घेतले तर पाय पिळल्यासारखा दिसतो. अनेक ठिकाणी वेळ वाचवायला एकच शिवण दाबतात. उंचीचे काम त्यामानाने सरळ आहे: नेहमीचे बूट घालून ताठ उभे राहावे, खाली वाकून पाहू नये, आणि दोन्ही पाय वेगवेगळे मोजायला लावावेत, कारण ते क्वचितच सारखे असतात.

कारखान्यात कापडाचे अनेक थर एकावर एक अंथरून एकदम कापतात. तिथे प्रत्येक पँटीमागे वाचवलेला अर्धा इंच शेवटी मोठी रक्कम होतो. म्हणून स्वस्त पँटीत मागची शिवण ओव्हरलॉकने काठावरच बंद केलेली दिसते. मी याला निव्वळ काटकसर मानत नाही. बनवणाऱ्याने आपला अंदाज हाच शेवटचा शब्द ठरवला आणि घेणाऱ्याच्या शरीराला बदलायची परवानगी नाकारली, असे मला वाटते. शरीर तर बदलणारच. लग्नात घेतलेला सूट मुलाच्या मुंजीत घालायचा असतो, मधल्या काळात आजारपण येते, वजन वाढते, उतरते. वडिलांची पँट थोरल्या मुलाला बेतून देण्याची आपल्या घरांतली रीतही याच मायेच्या भरवशावर चालली.

तेव्हा कंबर आत घेतली तरी उरलेले कापड कापू नका, असे मास्टरला आवर्जून सांगावे. पाय आखूड करतानाही दोनेक इंच आत दुमडून हाताने तुरपून घ्यावेत. फक्त मागच्या शिवणीत प्रत्येक बाजूला दोन इंचांच्या वर कापड साठले तर बसताना ते टोचते आणि इस्त्रीत त्याची कडा वर उमटते. तिथे थोडे कापावेच लागते, आणि किती कापायचे हे ज्याची पँट आहे त्याला विचारूनच ठरावे.