बाजारी गेलेले फूल

वसईच्या पश्चिमेस भुईगावाकडील समुद्रकाठच्या पट्ट्यात वाड्या पुष्कळ. वसईचा मोगरा व चाफा पहाटेच मुंबईस दादरच्या बाजारी जातो. अशा वाडीत कोणी सुवासिक पांढऱ्या गुलाबाचे झुडूप लाविले, तर त्यास एक प्रश्न पडल्यावाचून राहणार नाही. आपले फूल लग्नमंडपात जाईल, कबरेवर जाईल, की मूर्तीपुढे जाईल, हे ठाऊक नसता ते विकणाऱ्या ख्रिस्ती मनुष्यास दोष लागतो काय?

कोणी म्हणेल, मग फूल झाडावरच राहू द्यावे. परंतु पुनःपुन्हा फुलणाऱ्या गुलाबाची रीत निराळी आहे. सुकलेले फूल फांदीवर राहिले तर तेथे फळ धरते, झाडाची शक्ती बियांकडे जाते व पुढचा बहर लांबतो. म्हणून फूल वेळीच खुडावे लागते. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात, बाहेरच्या अंगास असलेल्या डोळ्याच्या किंचित वर छाटून शेणखत घातले, म्हणजे सुमारे दीड महिन्यात नवी फुले येतात. हे झाड राखून ठेवण्यासाठी नव्हे, देण्यासाठीच आहे.

करिंथ येथील मंडळीपुढेही असाच पेच होता. बाजारातले मांस मूर्तीस वाहिलेले असण्याचा संभव असे. पौलाने पहिल्या पत्राच्या १० व्या अध्यायात, ते चौकशी न करिता घेण्याची मोकळीक दिली. पण ८ व्या अध्यायात, आपल्या मोकळिकीने दुर्बळ भावास अडखळण होऊ नये, असेही बजाविले. तेथे प्रश्न घेणाऱ्याचा होता, येथे विकणाऱ्याचा आहे. तरी न्याय तोच, असे आम्हांस वाटते. स्वर्गीय पिता आपला पाऊस कोणाचे शेत हे पाहून पाडीत नाही. फुलाचा उपयोग घेणाऱ्याच्या स्वाधीन आहे.

आमच्या स्वाधीन काय आहे, तेवढे पाहावे. शिळी फुले ताज्यांखाली दडविणे, वजन वाढावे म्हणून पाणी शिंपडणे, खुडणाऱ्या बाईची मजुरी थकविणे, हा दोष मात्र आमचाच. तो दादरच्या गिऱ्हाइकावर ढकलता येत नाही.

इतके असूनही ज्या बंधूचे मन कचरते, त्याने खुशाल केळी लावावी. त्यास कोणी हसू नये, व त्यानेही शेजाऱ्यास दोषी ठरवू नये. आणि टोपली भरण्यापूर्वी चार फुले आजारी शेजाऱ्यासाठी काढून ठेवावी. तो कोणत्या धर्माचा, हे झाडाने विचारले नाही. आम्हीही विचारू नये.